तोंडातल्या बुरशीवर पिंपरीच्या मातीचा उतारा

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो. पुसायला जावे तर खाली लालबुंद होते आणि बाळ दूध पीत नाही. हा कँडिडा या यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा संसर्ग. या बुरशीवर आपल्याच मातीतून औषध शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एम. जे. तिरुमलाचार.

त्यांचा जन्म १९१४ सालचा. म्हैसूरकडच्या या माणसाचा मूळ अभ्यास पिकांवरील तांबेरा आणि काणीचा. बी. बी. मुंडकूर यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील काणी बुरशींवरचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. बनारस हिंदू विद्यापीठात ते प्राध्यापक होते. पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

तिथे १९५५ पासून पेनिसिलिन तयार होत होते. पण असे औषध जिवाणू मारते, बुरशी नव्हे. उलट तोंडातले राखणदार जिवाणू कमी झाले की कँडिडाला मोकळे रान मिळते. लाळेतली संरक्षक प्रथिने तिला एरवी आवरून धरतात. पण ती फोफावली की विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडते. काही विकरे प्रथिने तोडतात, काही पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्ये. लाळेतली संरक्षक प्रथिनेही त्यांतून सुटत नाहीत. मग बुरशीचे तंतू तोंडाच्या नाजूक अस्तरात शिरतात.

तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. गावावरून त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. त्यापासून मिळालेल्या ‘हॅमायसिन’ची माहिती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोके पाडते. ग्लिसरीनमध्ये कालवून ते तोंडात लावले जाई.

पिकांना ते विसरले नाहीत. ‘ऑरिओफंगिन’ हे त्यांच्याच प्रयोगशाळेतले औषध पिकांच्या बुरशीसाठी वापरात आले. उत्तरायुष्यात त्यांनी कॅलिफोर्नियात काम केले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज औषधे बदलली, पण बुरशीची खोड तीच आहे. मुरुम असो की मुंबई, दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी, रात्री कवळी काढून स्वच्छ करून ठेवावी, मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवावी आणि प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. पांढरा थर पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टरांना दाखवावे.