पियानो सोडून विज्ञानात आला, अन् गंधक खाणाऱ्या जिवाणूंचं गुपित उलगडलं

दगडी कोळशात गंधक असतं. कोळसा जाळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यातून आम्लवर्षा होते. पण हे गंधक जाळण्याआधीच जिवाणूंकडून काढून घेता येतं. खनिजांवर जगणारे जिवाणू असतात, हे पहिल्यांदा दाखवून दिलं सर्गेई विनोग्रादस्की यांनी.

त्यांचा जन्म १८५६ चा, कीव्हमधला. घर सधन. आधी कायदा शिकून पाहिला, मग सेंट पीटर्सबर्गला पियानो. दोन्हीत मन रमलं नाही आणि गडी विज्ञानाकडे वळला.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले. तिथं त्यांनी गंधकयुक्त झऱ्यांत वाढणारे बेजिआटोआ जिवाणू अभ्यासाला घेतले. हायड्रोजन सल्फाइड असलेलं पाणी दिलं की या जिवाणूंच्या अंगात गंधकाचे कण साठायचे. पाणी बंद केलं की कण संपायचे आणि जिवाणू उपाशी पडायचे. म्हणजे गंधक हेच त्यांचं इंधन होतं! १८८७ मध्ये हे संशोधन छापून आलं.

पुढं पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते संशोधन सोडून युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर राहायला गेले. पण रशियन क्रांती झाली आणि सगळं मागं टाकून त्यांना देश सोडावा लागला. १९२२ मध्ये, पासष्टीत, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं त्यांना बोलावलं आणि त्यांनी नव्यानं सुरुवात केली.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या कोल्मर आणि हिंकल यांनी कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात याच पद्धतीनं जगणारे जिवाणू असल्याचं दाखवलं. तेव्हा विनोग्रादस्की नव्वदीत होते.

आज ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या नावानं ओळखला जाणारा जिवाणू कोळशातल्या पायराइटवर, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजावर जगतो. कोळशाची पूड पाण्यात कालवून त्यात हे जिवाणू सोडले की पायराइट विरघळतं आणि धुऊन काढता येतं.

अडचण वेळेची आहे. या कामाला कित्येक दिवस लागतात आणि वीजकेंद्राला रोज हजारो टन कोळसा लागतो. शिवाय कार्बनला घट्ट चिकटलेलं गंधक या जिवाणूंना निघत नाही. त्यामुळं कोळशासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली नाही. तांबं आणि सोनं काढायला मात्र खाणींमध्ये असेच जिवाणू कामाला लावले जातात.

१९५३ मध्ये विनोग्रादस्की फ्रान्समध्येच वारले. जमीनजुमला गेला, देश सुटला, पण त्यांनी ओळख करून दिलेले जिवाणू आजही राबतायत.