कर्मवीर भाऊराव पाटील : पुरुषार्थ आपला, फळ कर्माधीन

कुंभोज (जि. कोल्हापूर) येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त गावोगावी हिंडताना बहुजनांचे अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. नशिबाला बोल लावीत बसण्यापेक्षा पुरुषार्थ त्यांना श्रेयस्कर वाटला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसू लागली. त्यांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. तरी भाऊरावांनी दुःखाला कार्याच्या आड येऊ दिले नाही. १९४८ मध्ये सरकारी अनुदान बंद झाले, तेव्हा लोकांच्या दारी जाऊन त्यांनी शाळा चालू ठेविल्या. पुढे अनुदान पुन्हा मिळू लागले. ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

सुखदुःखाचा कर्ता जीव स्वतःच, हे जैन तत्त्व त्यांनी आचरणात आणिले. भंडाऱ्याचा शेतकरी धानाची रोवणी आपल्या हातांनी करतो व पाऊस निसर्गावर सोपवितो. भाऊरावांची श्रद्धाही तीच होती.