विश्लेषण : ठिणगीविना पेटणारे इंजिन, मग थंडीत ‘हीटर प्लग’ कशाला? रुडॉल्फ डिझेल यांची कहाणी

अहिल्यानगर जिल्ह्यात थंडी वाढली की पहाटे बाजार समितीकडे निघालेली पिकअप किंवा जुनी जीप लवकर सुरू होत नाही. बराच वेळ स्टार्टर मारल्यावर पांढरा धूर सोडत इंजिन कसेबसे चालू होते. अशा वेळी मेकॅनिक आधी हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग तपासतो. हा प्लग का लागतो, हे समजून घ्यायचे तर रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

कोण होते डिझेल?

जन्म १८ मार्च १८५८, पॅरिस. आईवडील जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा छोटा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले आणि कुटुंबाला लंडन गाठावे लागले. १२ वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे म्युनिकमध्ये शीतकरण तंत्राचे जनक कार्ल फॉन लिंडे त्यांचे शिक्षक होते. त्या काळची वाफेची इंजिने कोळशातील जेमतेम १० टक्के ऊर्जा कामाला लावत. ही नासाडी डिझेल यांना खुपत होती. छोट्या कारागिरालाही परवडेल असे इंजिन त्यांना हवे होते.

त्यांची कल्पना काय होती?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते. इंजिनात हवा प्रचंड दाबली तर ती इतकी तापेल, की इंधन आत पडताच पेटेल. ठिणगीची गरजच नाही. १८९३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीत इंधन पेटले, पण दाब मोजणारे उपकरण फुटून तुकडे उडाले. त्यानंतर साडेतीन वर्षे दुरुस्त्या चालल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये अधिकृत चाचणीत कार्यक्षमता २६.२ टक्के भरली.

मग हीटर प्लग कुठून आला?

डिझेल यांच्या हयातीत ही इंजिने अवजड होती. ती कारखाने, वीजकेंद्रे आणि जहाजांत बसली. कारागिराचे छोटे इंजिन स्वप्नच राहिले. लहान इंजिनाची अडचण अशी, की गार धातू दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतो आणि इंधन पेटत नाही. ज्या इंजिनांत इंधन आधी छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटते, तिथे ही अडचण जास्त. उपाय म्हणून विजेने लाल होणारा प्लग आला. १९३६ च्या मर्सिडीज २६० डी या डिझेल कारमध्ये प्री-चेंबर आणि ग्लो प्लग दोन्ही होते. मूळ नगरचे नवलमल फिरोदिया यांनी उभ्या केलेल्या बजाज टेम्पोच्या (आताची फोर्स मोटर्स) ट्रॅक्स व ट्रॅव्हलरमध्येही मर्सिडीजचे ओएम ६१६ हे प्री-चेंबरचेच इंजिन आले.

प्लग बदलताना काय पाहावे?

- डॅशबोर्डवरील स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्टर मारा.
- प्लग साधारणपणे प्रत्येक सिलिंडरला एक असतो. मल्टिमीटरवर सर्किट तुटलेले दिसले तर प्लग गेला. सगळेच प्लग बंद वाटले तर आधी फ्यूज व रिले तपासा.
- काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
- अडकलेल्या प्लगवर जोर लावू नका. गंज सोडवणारे तेल टाकून मुरू द्या. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.
- नवा प्लग त्याच व्होल्टेजचा घ्या. आटे आधी हाताने बसवा, मग टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाइतकेच आवळा.

डिझेल यांचे पुढे काय झाले?

पेटंटमुळे ते श्रीमंत झाले. मात्र पेटंटवरचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि फसलेली गुंतवणूक यांनी ते कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते बेल्जियमहून ‘ड्रेस्डेन’ जहाजाने इंग्लंडला निघाले. रात्री जेवून खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, हे कधीच ठरले नाही. छोट्या माणसाच्या हाती येईल असे इंजिन त्यांना पाहायला मिळाले नाही. आज कांद्याच्या गोण्या घेऊन पहाटे निघणारी पिकअप त्याच इंजिनावर धावते.