वटवाघळांचे कोडे आणि फादर स्पालान्झानी

सांजवेळी आपल्या भंडारा जिल्ह्यातील कुठल्याही तलावाच्या पाळीवर उभे राहा. धानाच्या बांध्यांवर लहान वटवाघळे किडे टिपत भिरभिरताना दिसतील. काळोख पडला तरी ती कशालाही धडकत नाहीत. हे कसे घडते, याचा ध्यास घेतला होता एका कॅथलिक धर्मगुरूंनी.

लाझारो स्पालान्झानी यांचा जन्म १७२९ साली इटलीतील स्कांदियानो या गावी झाला. वडील वकील होते. लाझारोही कायदा शिकण्यासाठी बोलोन्याला गेले. पण तेथे नात्यातील प्राध्यापिका लॉरा बास्सी यांच्यामुळे त्यांना विज्ञानाची गोडी लागली. पुढे ते धर्मगुरू झाले. १७६९ पासून अखेरपर्यंत त्यांनी पाव्हिया विद्यापीठात अध्यापन केले.

१७९३ साली त्यांच्या खोलीत एक घुबड होते. मेणबत्ती विझताच ते भिंतींवर आपटू लागले. वटवाघळे मात्र त्याच अंधारात सहज उडत राहिली. मग फादरांनी काही वटवाघळांची दृष्टी घालवली. हा प्रयोग आज आपल्याला क्रूर वाटतो. ती आंधळी वटवाघळे त्यांनी सोडून दिली आणि काही दिवसांनी पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरात त्यांतली काही पुन्हा पकडली. त्यांची पोटे किड्यांनी भरलेली होती!

त्यांच्याजवळ सहावे इंद्रिय असावे, असे फादरांना वाटले. तेवढ्यात जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई ज्युरीन यांनी कळवले की, कान बंद केले की वटवाघळे धडकतात. फादरांनी स्वतः पडताळा घेतला आणि आपले मत मोकळेपणाने बदलले. पण उडणाऱ्या वटवाघळांचा आवाज तर ऐकू येत नव्हता! मोठमोठ्या विद्वानांनी ही गोष्ट मानली नाही, काहींनी थट्टाही केली. कोडे न सुटताच १७९९ साली फादर वारले.

उत्तर १९३८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मिळाले. डोनाल्ड ग्रिफिन आणि जॉर्ज पिअर्स यांनी यंत्राच्या साहाय्याने वटवाघळांचा आवाज पकडला. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो; या वटवाघळांचा त्याहून बारीक असतो. त्याच्या प्रतिध्वनीवरून त्यांना वाट आणि भक्ष्य कळते.

आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आवाज नाहीच, असे फादरांनी म्हटले नाही. प्रयोगाने जे दाखवले, ते उत्तर हाती नसतानाही त्यांनी मानले. आज संध्याकाळी वटवाघूळ दिसले, तर या धर्मगुरूंची आठवण जरूर करा.