पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं आपटलेलं गाणं रिमिक्समुळे नंबर वन झालं, पण ते बघायला तो नव्हता

बजाजनगरमध्ये वरात निघाली की डीजे काय वाजवतो ते आठवून बघा. गाणं जुनं असतं, आवाज ओळखीचा असतो, पण खालचा ठेका एकदम नवा. काका-काकूंना गाणं ओळखू येतं आणि पोरांना नाचायला मिळतं. आपण त्याला रिमिक्स म्हणतो आणि विषय सोडून देतो.

ऑगस्ट १९९३ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर असंच एक रिमिक्स पहिल्या नंबरवर होतं. गाणं 'लिव्हिंग ऑन माय ओन' आणि आवाज फ्रेडी मर्क्युरीचा. हेच गाणं १९८५ मध्ये आलं तेव्हा ५० व्या नंबरच्या वर सरकलं नव्हतं. ते नंबर वन झालं तेव्हा फ्रेडीला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

क्वीन बँडचा फ्रेडी आपल्याला सिनेमामुळे, रील्समुळे माहीत असतो. पण डान्स क्लबच्या नादाला लागलेला आणि त्यापायी रॉकवाल्यांची नाराजी ओढवून घेतलेला फ्रेडी फारसा कुणी सांगत नाही. ही त्याची गोष्ट.

झांझिबार, पाचगणी, लंडन

फ्रेडीचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमधला. कुटुंब पारशी, मूळ गुजरातचं. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते.

आठेक वर्षांच्या फारुखला आई-वडिलांनी बोटीने भारतात शिकायला पाठवलं. शाळा होती आपल्या सातारा जिल्ह्यातली, पाचगणीची सेंट पीटर्स. तिथे तो पियानो शिकला. तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणायला लागले आणि तिथेच बाराव्या वर्षी त्याने मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं परदेशी रॉक अँड रोल वाजवायची.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत क्वीन सुरू झाला, पुढे जॉन डीकन आला. १९७५ च्या 'बोहेमियन रॅप्सडी'ने त्यांना जगभर पोचवलं.

बारा इंची तबकडीची भानगड

त्याच काळात न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये वेगळंच काहीतरी शिजत होतं. तेव्हा एक-एक गाणं सात इंची तबकडीवर यायचं. तीन-चार मिनिटांत गाणं संपायचं आणि नाचणाऱ्यांचा मूड जायचा. टॉम मोल्टनसारख्या लोकांनी टेप कापून, जोडून, ठेक्याचे तुकडे वाढवून गाणी लांबवायला सुरुवात केली.

ही लांब गाणी मोठ्या, बारा इंची तबकडीवर कोरली तेव्हा आणखी एक फायदा झाला. तबकडीवरच्या खाचेला जागा जास्त मिळाली की आवाज मोठा आणि बेस दणदणीत कोरता येतो. सात इंचात दाटीवाटीने बसवलेलं गाणं क्लबच्या स्पीकरवर दबून जायचं. बारा इंचात तेच गाणं भिंती हलवायचं.

१९७६ मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या ग्रुपचं 'टेन पर्सेंट' हे गाणं बारा इंची तबकडीवर दुकानात विकायला आणलं. सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेली ही पहिली बारा इंची सिंगल मानतात. ते लांबवून नऊ मिनिटांच्या पुढे नेलं होतं डीजे वॉल्टर गिबन्सने. इथून डीजे हा नुसता गाणी लावणारा राहिला नाही, गाणं घडवणाराही झाला.

पुढे या तबकड्यांची वेगळी दुनियाच तयार झाली. कंपन्या मोजक्या प्रती काढून फक्त डीजेंना पाठवायच्या. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला डिस्को मिक्स क्लब, म्हणजे डीएमसी, आपल्या सदस्य डीजेंसाठीच रिमिक्स काढायचा. दुकानात न आलेल्या अशा प्रती आज संग्राहक शोधत फिरतात, ते यामुळेच.

रॉकवाला क्लबमध्ये शिरला

रॉक ऐकणाऱ्यांना हे डिस्को प्रकरण अजिबात पटत नव्हतं. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग लावून तो स्फोटाने उडवण्यात आला. गोऱ्या पुरुषांचं रॉक एका बाजूला, तर काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या क्लबमध्ये वाढलेलं डिस्को दुसऱ्या बाजूला, अशी ती दरी होती.

क्वीनने नेमकी हीच दरी ओलांडली. १९८० मध्ये त्यांचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आलं. लिहिलं होतं बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनने आणि त्यावर 'शीक' या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'ची छाप स्पष्ट होती. गाणं अमेरिकेत नंबर वन झालं. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने टर्नटेबलवर जोडलेल्या आपल्या प्रसिद्ध तबकडीत 'गुड टाइम्स' आणि क्वीनचं हे गाणं एकमेकांत गुंफलं.

फ्रेडी तेव्हा बराच काळ म्युनिकमध्ये असायचा. दिवसा स्टुडिओ आणि रात्री क्लब. १९८२ च्या 'हॉट स्पेस' अल्बममध्ये त्या रात्री उतरल्या. गिटार मागे गेली, ठेका पुढे आला. रॉकचे चाहते भडकले, बँडमध्येही कुरबुरी झाल्या. अमेरिकेत क्वीनची जादू ओसरली ती याच सुमारास.

फ्रेडीने मात्र नाद सोडला नाही. १९८४ मध्ये डिस्कोचा बादशहा जॉर्जिओ मोरोडरसोबत त्याने 'लव्ह किल्स' केलं. एप्रिल १९८५ मध्ये 'मिस्टर बॅड गाय' हा त्याचा पहिला सोलो अल्बम आला. त्यातली गाणी लांबवून बारा इंची तबकड्यांवरही काढली गेली. सुरुवात बरी झाली, पण पुढची गाणी चार्टवर आपटत गेली. 'लिव्हिंग ऑन माय ओन' त्यातलंच एक.

जुलै १९८५ मध्ये लाइव्ह एडच्या मंचावर क्वीनने इतिहास घडवला आणि जगाला पुन्हा रॉकवाला फ्रेडी मिळाला. सप्टेंबरमध्ये म्युनिकला त्याच्या ३९ व्या वाढदिवसाची जंगी पार्टी झाली. एकटेपणाबद्दलच्या या गाण्याचा व्हिडिओ त्या पार्टीच्या गर्दीतच शूट झाला.

आजार, मृत्यू आणि नवा ठेका

एड्सने त्या काळात न्यूयॉर्कपासून म्युनिकपर्यंतच्या डान्स फ्लोअरवरची माणसं नेली. बारा इंची रिमिक्सची वाट पाडणारा वॉल्टर गिबन्सही १९९४ मध्ये एड्सनेच गेला.

फ्रेडीने आपला आजार जवळच्या माणसांपुरताच ठेवला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने तो जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी लंडनच्या घरी तो गेला. वय ४५. अंत्यसंस्कार पारशी पद्धतीने झाले. त्याच्या नावाने पुढे मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट सुरू झाला, जो एड्सविरोधी कामाला पैसा पुरवतो.

त्यानंतर फ्रेडीच्या सोलो गाण्यांना नवे ठेके लावायचं ठरलं. स्टुडिओत गाण्याचा प्रत्येक भाग वेगळ्या ट्रॅकवर असतो, म्हणून आवाज ठेवून खालचं संगीत बदलता येतं. 'नो मोअर ब्रदर्स' नावाने काम करणाऱ्या निर्मात्यांनी 'लिव्हिंग ऑन माय ओन'मधला फ्रेडीचा आवाज उचलला आणि त्याखाली नव्वदच्या दशकातला हाऊस ठेका टाकला. ब्रिटनमध्ये गाणं दोन आठवडे नंबर वन राहिलं आणि युरोपभर गाजलं. सोलो गायक म्हणून फ्रेडीचं ब्रिटनमधलं हे एकमेव नंबर वन.

आता यात वाद आहेच. ज्याचा आवाज आहे तो हो किंवा नाही म्हणायला हयात नव्हता. मूळ गाण्यातली घालमेल नव्या ठेक्यात पातळ झाली, असं म्हणणारे आहेत. पण दुसरी बाजूही आहे. हा ठेका फ्रेडीवर कुणी लादलेला नव्हता. नाव पणाला लावून तो स्वतःच क्लबकडे गेला होता. १९८५ मध्ये जे संगीत करतो म्हणून त्याला नाकं मुरडली गेली, त्याच संगीताच्या पुढच्या पिढीने त्याला वर नेलं.

दोन्ही व्हर्जन ऑनलाइन सहज सापडतात. आधी १९८५ चं ऐका, मग १९९३ चं. आवाज तोच आहे, एकटेपणाही तोच आहे. पण पहिलं ऐकताना खोलीत एक माणूस दिसतो आणि दुसरं ऐकताना तोच माणूस गच्च भरलेल्या डान्स फ्लोअरच्या मधोमध उभा दिसतो.