नाथांची पोथी
फाल्गुन वद्य षष्ठी, शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची पुण्यतिथी. एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका नाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे सन १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण केली. प्राकृत म्हणून पंडितांनी आधी तिचा धिक्कार केला, मागाहून मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. नाथांची लेखणी त्या कौलासाठी अडून बसली नव्हती. आम्हां कीर्तनकारांस मात्र मंडपातील डोकी मोजण्याची खोड!

पुढे पुत्र हरिपंडितांनीच मराठी पुराणास हरकत घेतली. नाथांनी रोष न धरता पोथी बांधून ठेवली. स्वतःचे समर्थन केले नाही. हरिपंडित संस्कृतातून सांगू लागले. श्रोते ओसरले. अखेर पुत्रानेच विनविले, तेव्हा नाथांनी तीच पोथी सोडली.