'मंथरा' ललिता पवार : एका थापडेनं नायिका गेली, नटी थांबली नाही

भंडारा : १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं, तेव्हा गावात टीव्ही मोजक्याच घरी. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या अंगणात अर्धं गाव. कुबड काढून, एक डोळा बारीक करून कैकेयीचे कान भरणारी मंथरा आली की म्हाताऱ्या बाया बोटं मोडायच्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मालिका पुन्हा लागली अन् नातवंडांनीही तिला ओळखलं. मात्र तो बारीक डोळा अभिनय नव्हता, ती जुनी जखम होती.

ललिता पवार मूळच्या पैठणीच्या येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६, नाव अंबा. घरी कापडाचा धंदा, पण मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती. शाळा हुकली, सिनेमा मात्र लवकर भेटला. १९२८ पासून त्या मूकपटात दिसू लागल्या अन् पुढं नायिका झाल्या. नुसतं तोंडाला रंग लावून थांबल्या नाहीत. १९३२ च्या 'कैलाश'च्या निर्मितीत त्यांचा हात होता. १९३७ साली रशियन लेखक टॉलस्टॉय यांच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' काढला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं विशीत हे केलं, हे आज कुणाला आठवत नाही.

मग १९४२ उजाडलं. एका चित्रपटाच्या शूटिंगमध्ये समोरच्या नटानं थापड मारायची, एवढाच प्रसंग. नट होते भगवानदादा, पुढं 'अलबेला'मुळं गाजले तेच. थापड जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. सुमारे तीन वर्षं उपचार चालले. चेहरा सावरला, पण डोळा बारीकच राहिला. वय अवघं सव्वीस, अन् नायिकेची कामं गेली ती गेलीच.

दुसरी एखादी घरी बसली असती. ललिताबाईंनी मिळतील ती कामं घेतली : सासू, सावत्र आई, कजाग म्हातारी. जो डोळा आडवा आला, तोच आता कामाला आला. त्यांनी नुसतं रोखून पाहिलं तरी थेटरात सुनांच्या पोटात गोळा यायचा. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर पाहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. खलनायिकेला जितक्या शिव्या, तितकं काम झक्कास.

पण खाष्ट सासू एवढीच त्यांची ओळख सांगणं अन्यायाचं ठरेल. 'श्री ४२०' मधली केळीवाली मायाळू आहे. १९५९ च्या 'अनाडी'तली मिसेस डिसा तर वरून फणसासारखी काटेरी, आतून गोड. भाडेकरू राज कपूरवर खेकसते अन् त्याच्यासाठीच झुरते. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, १९६१ साली संगीत नाटक अकादमीचाही. तरी लोकांच्या डोक्यात सासूच बसली होती, अन् सत्तरीत आलेल्या मंथरेनं ती कायमची पक्की केली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. घरात त्या एकट्याच होत्या. मृत्यूची खबरही लगेच कुणाला लागली नाही.